कोरड्या दिवसांत दाखवलेला तळ्याकाठचा प्लॉट

तळ्याकाठी छोटंसं घर बांधायचं म्हणून मी आणि माझ्या बहिणीने मिळून एक प्लॉट घेतला. प्लॉट आमच्या नावावर आहे, पण त्यावर घर कधीच होणार नाही. असे प्लॉट अजूनही विकले जातात, म्हणून झालं ते सगळं लिहिते आहे.

जागा पाहिली तेव्हा तळ्याचं पाणी सगळ्यात खाली गेलेलं होतं. हद्दीच्या खुंट्या विकणाऱ्यानेच ठोकलेल्या. रुंदी २० मीटर, रस्त्यापासून पाण्यापर्यंत ४५ मीटर. पाण्याजवळ एका पडक्या खोलीचा चौथरा होता. तो दाखवून गृहस्थ म्हणाले, "इथे आधी बांधकाम होतंच ताई, परवानगीचा प्रश्नच येत नाही." मग त्यांनी शिक्का मारलेलं एक पत्र पुढे केलं. त्यात 'बांधकामास मंजुरी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही तेवढंच वाचलं. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय असं सांगून त्यांनी त्याच संध्याकाळी इसार घेतला, आणि थोड्याच दिवसांत खरेदीखतही झालं.

नकाशा काढायला इंजिनिअर आले. त्यांनी टेप आधी काढलीच नाही, नुसते काठाने फिरत राहिले. एका मोठ्या दगडावर कमरेच्या उंचीला फिकट पट्टा होता, तो पाण्याचा डाग. झुडपांच्या फांद्यांत सुकलेलं शेवाळ आणि काटक्या अडकलेल्या. आम्हाला सुंदर वाटलेली हिरवळ म्हणजे लव्हाळा होता, तो बहुधा पाणथळ जागीच फोफावतो. मग त्यांनी गुडघाभर खड्डा खणला. माती करडी, मधेमधे गंजासारखे तांबूस ठिपके. जी माती वर्षातले बरेच दिवस पाण्याखाली राहते आणि मधे सुकते, तिच्यात असे ठिपके पडतात. पाणी पुढे ओसरलं तरी तिचा रंग सांगत राहतो.

मग मोजमाप झालं. काठ इतका सपाट होता की १७ मीटर चाललं तरी चढ जेमतेम १ मीटर. म्हणजे तळं फक्त १ मीटर चढलं की आमचा १७ मीटर प्लॉट पाण्यात. उरले २८. आणि तिथल्या नियमाप्रमाणे तळ्याच्या सर्वांत वरच्या पाणीरेषेपासून ३० मीटर मोकळे सोडायचे होते. हे अंतर आज दिसणाऱ्या पाण्यापासून मोजत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं. किती मीटर सोडायचे हे जागोजागी वेगळं असतं, पण मोजायला सुरुवात कुठून होते हे विकत घेण्याआधीच विचारायला हवं होतं.

ते पत्र कार्यालयात दाखवलं. मंजुरी खरी होती, पण ती त्या जुन्या खोलीच्या छपराच्या दुरुस्तीची, आणि तिची मुदत कधीच संपलेली. नियम येण्याआधीची बांधकामं बहुतेक ठिकाणी राहू देतात. मात्र ती पडली किंवा बरीच वर्षं ओस राहिली की तो हक्कही सहसा जातो. ती खोली पडली कशाने, हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं.

तरीही आम्ही विशेष सवलतीसाठी अर्ज केला. सुनावणीला शेजारी आले आणि त्यांनी विरोध केला. मला राग आला होता. एवढ्याशा घराने तळ्याचं काय बिघडणार, असंच वाटत होतं. मग सांडपाण्याचा विषय निघाला. शोषखड्ड्यातून बाहेर पडणारं पाणी कोरड्या मातीतून झिरपत खाली गेलं तरच गाळून निघतं. आमच्या जागेत खाली कोरडी माती नव्हतीच. मैल्याचं पाणी थेट भूजलात उतरणार, तिथून शेजाऱ्यांच्या विहिरीत आणि तळ्यात.

घरी येऊन मी याबद्दल बरंच वाचलं. कॅनडात १९७३ साली शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे नायट्रोजन आणि कार्बन सोडले, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. ती बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. मैल्यात फॉस्फरस असतोच, साबणाच्या पाण्यातही असू शकतो. शेजाऱ्यांनीही असंच एकेक छोटं घर मागितलं असतं तर त्या तळ्याचं काय झालं असतं, हे त्या रात्री मला दिसलं. अर्ज फेटाळला गेला आणि तो योग्यच फेटाळला गेला, असं मी आज मनापासून म्हणते. त्या कार्यालयाने आम्हाला फसवलं नाही. फसवलं ते विकणाऱ्याने.

हे मी खात्रीने म्हणते, कारण कार्यालयात त्या प्लॉटची जुनी फाइल निघाली. घर बांधायचा अर्ज त्या गृहस्थांनी स्वतः दोनदा केला होता, आणि दोन्ही वेळा नकार मिळाला होता. नकाराची कारणंही तीच, पाणीरेषा आणि माती. फाइल मागितली की कुणालाही पाहायला मिळते. मला ती वाचायला अर्धा तास लागला. इसार देण्याआधी तेवढा वेळ काढला असता तर बहिणीची इतक्या वर्षांची बचत वाचली असती, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण घाई माझीच होती.

व्यवहार रद्द व्हावा म्हणून आम्ही दावा लावला आहे. वकील म्हणतात, 'परवानगी मिळेल' हे वाक्य खरेदीखतात नाही आणि तोंडी बोलणं सिद्ध करणं अवघड आहे. आमची सगळी मदार आता त्या दोन नकारपत्रांवर आहे. 'परवानगी न मिळाल्यास रक्कम परत' एवढी एक ओळ करारात मागितली असती, तर ते गृहस्थ तिथेच मागे सरले असते असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात तिकडे गेले होते. पाणी चौथऱ्याला टेकलं होतं आणि खुंट्या कुठेच दिसत नव्हत्या. पलीकडच्या प्लॉटवर त्याच गृहस्थांची विक्रीची पाटी होती, 'घरासाठी उत्तम' असं लिहिलेली. त्या प्लॉटचीही फाइल मी मागवून पाहिली. त्यातही नकारच आहे.