आईच्या नावाने गेलेला अर्ज

ग्रामसभेत एक मुलगा राजपत्राचं पान मोठ्याने वाचत होता. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आराखड्यातला वापर ऑर्चर्ड, म्हणजे बागायत, दुरुस्त वापर सेटलमेंट, म्हणजे वस्ती. आणि अर्जदार म्हणून माझ्या आईचं नाव. सगळी सभा आमच्याकडे वळली. शेजारची काकी आईला म्हणाली, "वयनी, तुमचें नांव आसा हातूंत." आई म्हणाली, "हांवें खंय केला अर्ज?" कुणी विश्वास ठेवला नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. छापलेलं नाव आमचंच होतं.

आमचं काजूचं भाट, म्हणजे बाग, गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका डोंगराच्या उतारावर होतं, 6,200 चौरस मीटर. त्याच्या पायथ्याशी झर आहे आणि तिच्या पाण्यावर खालच्या मळ्यात वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती होते. कुठल्या जमिनीचा काय वापर करायचा हे ठरवणारा, 2011 सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनानंतर 2007 मध्ये रद्द झाला. पुढे 2021 सालापर्यंतचा आराखडा करताना गावांना नकाशे पाठवून ग्रामसभांचं म्हणणं मागवलं होतं. बाबा त्या बैठकांना न चुकता जात. हा डोंगर बागायतीतच राहू दे, नाहीतर झर आटेल, असं त्यांनी उभं राहून सांगितलं होतं. नकाशात तसंच आलं.

बाबा 2022 मध्ये गेले. आमच्याच तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पुढच्या पावसाळ्यानंतर एक माणूस घरी आला. ओळखीतून आलेला, आमच्याच बाजूचा, आईला मावशी म्हणणारा. म्हणाला, "ऑर्चर्ड जमीन, घर बांधता येत नाही. फार्महाउसला 4,000 मीटर लागतात आणि तुम्ही तीन भावंडं, वाटणी केली तर कुणालाच पुरत नाही. एका माणसाला काजूचीच बाग करायची आहे, तो पूर्ण घेईल." यातलं पहिलं सगळं खरं होतं. म्हणून शेवटचंही आम्हाला खरं वाटलं. दर ठरला 1,200 रुपये मीटर.

ऑक्टोबर 2023 मध्ये करार झाला. त्याच दिवशी त्याने मुखत्यारपत्र पुढे केलं. "म्युटेशन, मोजणी, बाबांचं नाव काढणं, यासाठी मावशीला सारखं ऑफिसात कशाला फिरवायचं?" आमच्याकडे गोव्याच्या कायद्याप्रमाणे जोडीदारांच्याही सह्या लागतात, म्हणून माझी बायको, भावजय, बहीण, तिचा नवरा, सगळ्यांना एकाच गाडीतून नोटरीकडे नेलं. अकरा पानं इंग्रजीत. नववं पान मी नंतर वाचलं: भूवापर बदलासाठी, विभागणीसाठी आणि सनदेसाठी, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याच्या परवान्यासाठी, कोणत्याही खात्याकडे आमच्या वतीने अर्ज करण्याचा अधिकार.

विक्रीपत्र पाच महिन्यांनी झालं. मधल्या काळात त्याने आईच्या वतीने टीसीपी, म्हणजे नगर नियोजन खात्यात अर्ज दिला होता. नगरनियोजन कायद्यात 2023 साली कलम 17(2) आलं, आराखड्यात अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. अर्जात लिहिलं होतं की ही जमीन चुकून ऑर्चर्ड दाखवली गेली. बाबांनी सभेत मागून घेतलेली गोष्ट आईच्या नावाने चूक ठरवली. पैशांचं नुकसान मी एक दिवस विसरेन, हे विसरता येत नाही.

आता त्याच उतारावरचे प्लॉट 14,000 रुपये मीटरने विकायला आहेत. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 17(2) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली, पण तोवर आमच्या उतारावर जेसीबी फिरून झाला होता. डोंगर कापायला त्याच कायद्याच्या कलम 17ए खाली वेगळी परवानगी लागते. ती घेतली होती का, हे आम्ही माहिती अधिकारात विचारलं आहे.

गावात घरं नकोत असं मी म्हणत नाही. माझ्या भाच्याला घर हवं आहे, वाड्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, जागा उरली नाही. वाड्याला लागून, रस्त्याकडेला, जिथे झर नाही आणि शेत नाही, तिथे सेटलमेंट वाढवायला ग्रामसभेतून कुणी हात आडवा केला नसता. पण तो निर्णय गावाने नकाशा पुढे ठेवून घ्यायचा. इथे एका सर्व्हे नंबराचा निर्णय एका मुखत्यारपत्राने घेतला.

जमीन विकायची असेल तर विका, मात्र मुखत्यारपत्र शक्यतो देऊ नका. द्यावंच लागलं तर मराठीत वाचून घ्या आणि भूवापर, विभागणी, सनद हे शब्द असलेली ओळ खोडायला लावा. करारात लिहून घ्या की विक्रीनंतर ठरावीक वर्षांत झोन बदलला तर फरकातला वाटा तुम्हाला मिळेल. त्यावर समोरचा माणूस गप्प झाला तर समजा, बाग करायला कुणी आलेलं नाही. झरीचं पाणी आणि शेताची वाट यांचा हक्क विक्रीपत्रात नोंदवा. आम्ही नोंदवला नाही. सही करण्याआधी आपल्या सर्व्हे नंबरावर कुठला अर्ज पडला आहे का, हे टीसीपीच्या तालुका कार्यालयात लेखी विचारा. मुखत्यारपत्र आधीच दिलं असेल तर ते रद्द करून तसं पत्र टीसीपीला आणि पंचायतीला द्या, पोच घ्या. नगरनियोजन कायद्यात 2024 मध्ये आलेल्या कलम 39ए खाली झोन बदलाची सूचना निघाली की हरकतीला 30 दिवस मिळतात. राजपत्र ऑनलाइन फुकट दिसतं. घरातल्या एका तरुण मुलाला दर आठवड्याला आपल्या गावाचं नाव शोधायला सांगा.

गेल्या पावसात डोंगरावरची तांबडी माती मळ्यात उतरली आणि झरीचा खड्डा अर्धा बुजला. खालच्या चार घरांनी यंदा वायंगण लावलं नाही. आई त्या चारही घरी स्वतः गेली, मुखत्यारपत्राची प्रत पिशवीत घेऊन, नववं पान दाखवायला.