पांढऱ्या डागांची तपासणी: एका त्वचारोग विभागाचा अनुभव

कॉलेजात शिकणाऱ्या भाचीच्या गुडघ्यावर आणि पापणीच्या कडेला पांढरे डाग दिसू लागल्यापासून आम्ही तिला पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेत आहोत. डाग म्हटला की मलम लिहून मोकळे होणारे दवाखाने पुष्कळ आहेत. येथे मात्र डाग कशाचा आहे हे ठरेपर्यंत चिठ्ठीवर औषध येत नाही, आणि प्रामुख्याने त्यासाठीच मी या विभागाची शिफारस करतो.

डॉक्टरबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले, कापसाचे पिळलेले टोक कधी डागावर तर कधी शेजारच्या त्वचेवर टेकवले आणि स्पर्श जाणवेल तेथे बोट ठेवायला लावले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी झालेली असते, कोडात ती शाबूत राहते. मग अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प, म्हणजे त्वचा तपासायचा अतिनील प्रकाशाचा दिवा, लावला, तेव्हा गुडघ्यावरचा डाग निळसर पांढरा लख्ख चमकलाच, शिवाय साध्या उजेडात कुणालाही न दिसलेला एक ठिपका कोपरावर उमटला. शिब्याची, म्हणजे बुरशीमुळे येणाऱ्या डागांची, शंका असती, तर त्वचेची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असती, असे त्यांनी सांगितले. कोड असलेल्यांत थायरॉइडचे विकार अधिक आढळत असल्याने रक्ततपासणीही झाली.

कोडावर उपचार म्हणून टॅक्रोलिमस मलम आणि आठवड्यातून दोनदा 311 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा शेक सुरू आहे. फरक दिसायला महिने लागतील, चेहऱ्यावर रंग लवकर परततो, बोटांची टोके मात्र हट्टी असतात, आणि डागावरचे केसही पांढरे झाले असतील तर आशा कमी, हे आधीच स्पष्ट सांगितले गेले. सलवारीची नाडी घट्ट आवळू नये, कारण सतत घासणाऱ्या जागी नवे डाग उठतात, ही सूचना तर यापूर्वी कुणीच दिली नव्हती.

गाऱ्हाणी दोन. शेक देण्याची खोली दुपारी बारालाच बंद होते, त्यामुळे तिची तासिका बुडते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचाराला ही वेळ सोयीची नाही. दुसरे असे की, भरल्या प्रतीक्षालयात मदतनीस ‘कोडवाले इकडे या’ असा पुकारा करीत. दोन्ही गोष्टी आम्ही लेखी कळवल्या. आता केसपेपरचा क्रमांक पुकारतात. वेळ मात्र तीच आहे.