आधी खर्च, मग पैसे: इलिनॉय राज्याच्या पीडित-सेवा अनुदानाचं परीक्षण

अमेरिकेत मारहाण, बलात्कार किंवा घरगुती छळ सोसलेल्या माणसाला समुपदेशन, रात्रीचा निवारा, कोर्टात सोबत हे सगळं बहुतेक वेळा एखादी स्थानिक संस्था देते. त्या संस्थेतल्या कार्यकर्तीचा पगार बऱ्याचदा संघ सरकारच्या पैशातून निघतो. पण तो पैसा वॉशिंग्टनहून सरळ संस्थेच्या खात्यात येत नाही, मध्ये राज्य असतं. इलिनॉयमध्ये हे मधलं काम इलिनॉय क्रिमिनल जस्टिस इन्फर्मेशन ऑथॉरिटी करते. १९८३ पासूनची ही शिकागोतली राज्य संस्था आहे, आणि पुढे तिला नुसतं ‘ऑथॉरिटी’ म्हटलं आहे. शिकागो, नेपरव्हिल, शॉम्बर्ग भागात मराठी माणसं भरपूर आहेत. त्यातली बरीच अशा संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर बसतात किंवा हिशेब सांभाळतात. त्यांच्यासाठी हे परीक्षण अर्जदाराच्या बाजूने केलं आहे.

पैसा मुळात कुठून येतो हे आधी समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. १९८४ च्या ‘व्होका’ (गुन्ह्यांतल्या पीडितांसाठीच्या) कायद्याने एक निधी उभा केला. त्यात करदात्यांचा पैसा नसतो, संघ न्यायालयांत दोषी ठरलेल्या व्यक्ती आणि कंपन्यांचे दंड त्यात जमा होतात. निधीतून दरवर्षी किती काढायचे याची मर्यादा काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ठरवते. २०१८ मध्ये ती ४४३ कोटी ६० लाख डॉलर होती आणि २०२४ मध्ये १३५ कोटी ३० लाखांवर आली. मोठ्या कंपन्यांशी खटल्याऐवजी तडजोडीचे करार होऊ लागले आणि तो पैसा या निधीत न येता सरकारी तिजोरीत जाऊ लागला, हे आवक आटण्याचं एक मोठं कारण. २०२१ च्या दुरुस्तीने ती गळती बुजवली, पण तळं भरायला वेळ लागतो. प्रत्येक राज्याला ५ लाख डॉलर ठरलेले आणि उरलेले लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात. म्हणजे वरची मर्यादा कमी झाली की राज्याने कितीही नेटका कारभार केला तरी खालच्या संस्थेचं पद रद्द होतंच. त्याचा राग ऑथॉरिटीवर काढण्यात अर्थ नाही.

राज्याच्या हातात जे आहे त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे प्रवेशाचं एकच दार. इलिनॉयने २०१४ मध्ये ‘गाटा’ नावाचा अनुदान-पारदर्शकता कायदा केला. त्याच्या पोर्टलवर संस्थेची पात्रता एकदा तपासली की ती राज्याच्या सगळ्या खात्यांना चालते. तपासतात काय? युईआय म्हणजे संघ सरकारने संस्थेला दिलेला ओळख क्रमांक, करखात्याचा क्रमांक, सॅम या संघ नोंदवहीत चालू नोंद, संस्थांची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे संस्था ‘गुड स्टँडिंग’मध्ये, म्हणजे नोंदणी चालू आणि बिनथकीत, असणं आणि राज्याच्या पैसे-थांबवा यादीत नाव नसणं. यातला एक जरी दिवा लाल झाला तरी पुढचं सगळं अडतं.

आणि लाल होतो तो बहुधा सॅमचा. ती नोंद दर ३६५ दिवसांनी नवी करावी लागते. संस्थेचं नाव आणि पत्ता करखात्याच्या कागदाशी अक्षरशः जुळला नाही, एका ठिकाणी ‘इन्कॉर्पोरेटेड’ आणि दुसरीकडे ‘इन्क’ असं झालं, की पडताळणी आठवडे लांबते. नोंदणी पूर्ण मोफत आहे. नूतनीकरणाची तारीख जवळ आली की ‘आम्ही करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या ई-मेल येतात, त्या सरकारी नसतात. निवारा चालवणाऱ्या संस्थेने इथे विशेष जपायला हवं: नोंदणीत कार्यालयाचा पत्ता द्यावा, निवाऱ्याचा कधीही नाही. सार्वजनिक शोधात नोंद दिसू नये असा पर्यायही तिथे आहे, तो निवडायला विसरू नये.

पात्रतेनंतर दोन प्रश्नावल्या येतात. एक आर्थिक शिस्तीची, राज्याच्या दर आर्थिक वर्षाला एकदा, आणि दुसरी प्रत्येक अनुदानासाठी कार्यक्रमाच्या जोखमीची. इथे पुष्कळ जण घाबरून सगळीकडे ‘होय’ लिहितात. तसं करू नये. लेखी खरेदी धोरण नसेल तर नाही म्हणावं. फार तर जास्त वेळा अहवाल द्या, जास्त कागद जोडा अशा जादा अटी लागतात आणि उणीव भरून काढली की त्या निघतातही. खोटं ‘होय’ मात्र तपासणीच्या दिवशी उघडं पडतं आणि मग मंजूर झालेला खर्चही नामंजूर होतो.

आता अंदाजपत्रक. सगळ्यात जास्त अर्ज घसरतात ते संस्थेने स्वतः घालायच्या हिश्श्याच्या गणितावर. व्होकात हा हिस्सा एकूण प्रकल्पखर्चाच्या २० टक्के असतो, अनुदानाच्या नव्हे. संघाचे ८०,००० डॉलर मागितले तर हिस्सा १६,००० होत नाही, २०,००० होतो, कारण एकूण खर्च १ लाख धरायचा. अनुदानाला ०.८ ने भागायचं आणि त्यातून अनुदान वजा करायचं, एवढं ध्यानात ठेवलं की चूक होत नाही. हा हिस्सा रोखच हवा असं नाही. स्वयंसेवकांचे तास, दान मिळालेली जागा, वकिलाने फुकट दिलेला वेळ हे सगळं धरता येतं. व्होकाच्या संस्थेला स्वयंसेवक असावेच लागतात, मग त्यांच्या तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवायला काय हरकत आहे? वर्षअखेरीला आठवून लिहिलेले तास कोणी मानत नाही. हिस्सा माफ करण्याचा अधिकारही राज्याला आहे, त्यामुळे माफी मागता येते का हे अनुदानाच्या जाहिरातीत आधी वाचावं.

महिलांवरील हिंसेसाठीचं ‘स्टॉप’ अनुदान वेगळं आहे. त्यातले २५ टक्के पोलिसांसाठी, २५ सरकारी वकिलांसाठी, ३० पीडित-सेवेसाठी, ५ न्यायालयांसाठी आणि १५ राज्याच्या मर्जीवर असतात. पीडित-सेवेच्या ३० मधला किमान दहावा भाग विशिष्ट समाजगटांत रुजलेल्या संस्थांसाठी राखलेला असतो. दक्षिण आशियाई कुटुंबांत काम करणाऱ्या संस्थांनी हे वाक्य अधोरेखित करून ठेवावं. शिकागोत १९८९ पासून घरगुती छळ सोसलेल्यांसाठी काम करणाऱ्या ‘अपना घर’सारख्या संस्था का लागतात हे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, नवऱ्याच्या नावावरच सगळं असलेल्या बाईला विचारावं. तिला हिंदी-मराठी समजणारी कार्यकर्ती हवी असते, आणि सासरच्या फोनचा अर्थ कळणारी. व्होकाच्या २०१६ च्या नियमावलीत सेवा मिळण्यासाठी पोलिसांत तक्रार करण्याची अट नाही, आणि पात्रता इमिग्रेशनच्या दर्जावरही अवलंबून ठेवलेली नाही.

तिसरं, पोलीस-न्यायव्यवस्थेचं ‘जॅग’ अनुदान. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये साक्षीदाराच्या घरावर पहारा देताना मारल्या गेलेल्या एडवर्ड बर्न या तरुण पोलिसाच्या नावाचं. त्यात राज्याला ६० टक्के आणि शहरं-काउंटींना ४० टक्के थेट मिळतात. संस्थेकडून हिस्सा मागत नाहीत. सेवाभावी संस्थेचा त्याच्याशी संबंध कमी, म्हणून इथे एवढंच.

अनुदान मंजूर झालं की खरी परीक्षा सुरू होते. पैसे देण्याच्या तीन पद्धती गाटाच्या नियमांत आहेत: आगाऊ रक्कम, सुरुवातीपुरतं खेळतं भांडवल आणि खर्चानंतर भरपाई. यातल्या तिसरीवर लहान संस्थेचं घोडं अडतं. हिशेब मांडून पाहावा. तीन कार्यकर्त्या, महिन्याचे पगार-भत्ते धरून १५,००० डॉलर. अहवाल तिमाही असेल तर पहिल्या तीन महिन्यांचे ४५,००० संस्थेने गंगाजळीतून घालायचे. मग अहवाल, त्यावर शंका, शंकेला उत्तर, मंजुरी, आणि नंतर पैसे. तोवर चौथ्या महिन्याचा पगार येऊन ठेपतो. म्हणजे ६०,००० हाताशी नसतील तर मंजूर झालेलं अनुदानच संस्थेला बुडवू शकतं. हा दोष एकट्या इलिनॉयचा नाही, भरपाईची पद्धत देशभर आहे. पण आगाऊ रकमेची सोय नियमात असताना ती मागायची असते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. करारावर सही करण्याआधी लेखी मागावी, तीन महिन्यांचा रोख-प्रवाहाचा तक्ता जोडून. अहवाल मासिक चालेल का हेही विचारावं. काम वाढतं, पण उधारी तीन महिन्यांवरून एकावर येते.

भरपाई अडते कशावर? बहुतांशी वेळपत्रकावर. कार्यकर्तीचा ६० टक्के वेळ व्होकावर आणि ४० टक्के स्टॉपवर असा अंदाजपत्रकात लिहिलेला असतो, आणि मग दर पंधरवड्याच्या वेळपत्रकात ४८ आणि ३२ तास डोळे झाकून भरले जातात. सलग सहा पानांवर तेच दोन आकडे, एकाच शाईत, एकाच दिवशी केलेल्या सह्या. असं पाहिलं की तपासनीस पेन खाली ठेवतो. नियम सांगतो की पगार प्रत्यक्ष कामाच्या नोंदीवर पडला पाहिजे. एखाद्या पंधरवड्यात ५१ आणि २९ झाले असतील तर तेच लिहावं, अंदाजपत्रक नंतर जुळवता येतं. सल्लागाराला आठ तासांच्या दिवसाला ६५० डॉलरपेक्षा जास्त द्यायचे असतील तर आधी परवानगी लागते. निधी-संकलनाचा कार्यक्रम, लॉबिंग, इमारत-खरेदी हे व्होकातून चालत नाही. आधी दुसऱ्या पैशातून निघणारा पगार या अनुदानावर टाकून तो पैसा मोकळा करणं हेही चालत नाही.

एक दिलासा अलीकडचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून संघाच्या एकसमान नियमांत, संघ सरकारशी ठरवून घेतलेला दर नसलेल्या संस्थेला अप्रत्यक्ष खर्चासाठी १० ऐवजी १५ टक्के घेता येतात. भाडं आणि मोठी उपकरणं वगळून उरलेल्या रकमेवर ते मोजायचे. हिशेबनिसाचा पगार, वीज, विमा यांतून निघतो. लहान संस्था ‘काटकसरी दिसू’ म्हणून हे मागतच नाहीत आणि मग पदरमोड करत बसतात. मागावं, तो हक्क आहे.

गोपनीयतेच्या बाबतीत इलिनॉयला पूर्ण गुण. सेवांची आकडेवारी ‘इन्फोनेट’ नावाच्या प्रणालीत भरतात. त्यात पीडितेचं नाव नसतं, संस्थेने दिलेला क्रमांक असतो. व्होकाच्या नियमानुसार राज्याने प्रत्येक संस्थेत दोन वर्षांतून एकदा तरी जाऊन तपासणी करायची असते. त्या वेळी नाव झाकलेली फाईल दाखवायची. कोणी पूर्ण फाईल मागितलीच तर लेखी, मुदतीची संमती नसताना देऊ नये. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, एवढा साधा प्रश्न या भेटीत विचारला जातो आणि त्याचं उत्तर तयार नसतं.

निवड पटली नाही तर अपील आहे, पण चिंचोळं. मिळालेल्या गुणांवर आक्षेप घेता येत नाही, फक्त निवडीच्या प्रक्रियेवर घेता येतो, तोही निकाल जाहीर झाल्यापासून १४ दिवसांत. ऑथॉरिटीच्या अंदाजपत्रक समितीच्या बैठका मात्र खुल्या असतात आणि कागदपत्रं संकेतस्थळावर असतात. पुढच्या वर्षी कोणत्या सेवेकडे कल आहे ते तिथे जाहिरातीच्या आधी दिसतं.

मग अर्ज करावा का? चार महिन्यांचे पगार गंगाजळीत असतील, हिशेबनीस निदान अर्धवेळ असेल आणि अहवालाची तारीख चुकवायची सवय नसेल तर जरूर करावा. तसं नसेल तर राज्यभराच्या छत्र-संस्थांतून यावं. घरगुती हिंसेसाठी इलिनॉय कोअॅलिशन अगेन्स्ट डोमेस्टिक व्हायोलन्स आहे, लैंगिक अत्याचारासाठी तशीच दुसरी कोअॅलिशन, आणि अत्याचार झालेल्या मुलांच्या केंद्रांसाठी चिल्ड्रन्स अॅडव्होकसी सेंटर्स ऑफ इलिनॉय. ऑथॉरिटी त्यांना एकत्र रक्कम देते आणि त्या पुढे वाटतात. तिथेही कागद लागतातच, पण वेळपत्रक कसं भरायचं हे शेजारी बसून दाखवणारं माणूस असतं. आणि पीडितेला स्वतःला दवाखान्याच्या बिलाचे पैसे हवे असतील तर हे दार नव्हेच. नुकसानभरपाईचा अर्ज राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयात करायचा.