तळपायाच्या आगीवर 'कस्टम' इनसोल घेताय? थांबा, आधी हे वाचा

उन्हात लांबच्या सायकल राइडला ज्यांच्या चवड्याची आग होते त्यांच्यासाठी लिहितेय. हा त्रासच असा आहे की त्यावर कुणीही काहीही विकू शकतं आणि घेणाऱ्याला दुकानात बरं वाटतंच. माझ्याकडून यात बरेच पैसे काढले गेलेत, तुमचे जाऊ नयेत.

माझं असं व्हायचं की दोन-अडीच तास झाले, ऊन चढलं की तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या बुडाशी आधी मुंग्या, मग बधिरपणा आणि मग निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखी आग. चढ आला की अजून वाढायचं. थांबून शूज काढले की थोड्या वेळात सगळं गायब, घालून निघालं की परत सुरू. २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) १३ तास ३० मिनिटांत संपवायची असते, त्यात दर थोड्या वेळाने शूज काढून बसणं कसं जमणार, त्यामुळे मी उपाय शोधतच होते.

कुणीतरी एक ठिकाण सुचवलं, पायाची तपासणी करून सायकलिंगसाठी खास इनसोल, म्हणजे बुटाच्या आत पायाखाली घालायच्या गाद्या, बनवून देतात म्हणे. गेले. पांढरा कोट घातलेला माणूस, भिंतीवर पायाच्या हाडांचे तक्ते, खाली काचेचा स्कॅनर. त्यावर उभं केलं, स्क्रीनवर लाल-पिवळं-निळं चित्र आलं आणि लगेच निदान, "तुमची डाव्या पायाची कमान बसली आहे, सगळा भार चवड्यावर येतोय, असंच चालू ठेवलं तर गुडघा जाईल." गुडघा जाईल म्हटल्यावर कुणीही घाबरेल. तो माणूस डॉक्टर नव्हता, फिजिओही नव्हता, हे मला नंतर कळलं. आणि ते रंगीत चित्र फक्त उभं राहिल्यावर भार कुठे पडतो एवढंच दाखवतं. लाल रंग बहुतेकांच्या चवड्याला आणि टाचेला येणारच, भार तिथेच असतो. सायकलवर बसून, पाय गरम होऊन सुजल्यावर बुटाच्या आत काय होतं याचा त्या चित्राशी फारसा संबंध नाही.

मग 'टेस्ट' केली, ती नीट सांगते कारण ती अजूनही सगळीकडे चालते. पाय जुळवून उभं राहायचं, एक हात बाजूला सरळ धरायचा, तो मनगटावर दाबतो, आपला तोल जातो. मग पायाखाली त्याचे इनसोल ठेवतो, परत दाबतो, आपण हलतही नाही. वाटतं काय कमाल आहे! पण पहिल्यांदा दाबताना तो हात किंचित शरीरापासून बाहेरच्या दिशेने ओढतो आणि दुसऱ्यांदा आतल्या दिशेने, शिवाय दुसऱ्या वेळी आपण सावध झालेलो असतो. यात इनसोलचा काही हात नाही. अशाच प्रात्यक्षिकांवर हातात घालायचे पॉवर बॅलन्सचे रबरी पट्टे जगभर विकले गेले होते, आणि २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक आयोगाने धरल्यावर त्या कंपनीला आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही असं जाहीरपणे मान्य करावं लागलं होतं.

पैसे सगळे आधी घेतले, "तुमच्या स्कॅनवरून साचा बनणार, म्हणून ॲडव्हान्स" असं सांगून. इनसोल आले, त्यावर माझं नाव छापलेलं, चवड्याखाली निळ्या जेलची जाड गादी. तिथल्या स्टँडवरच्या सायकलवर बसवून पेडल मारायला लावलं आणि विचारलं, आता दुखतंय का? नाही दुखलं. आणि खरी मेख इथेच आहे. हा त्रास गार खोलीत, बसल्या बसल्या दहा मिनिटांत होतच नाही! तिथे जुन्या इनसोलवरही दुखलं नसतं. म्हणजे दुकानातली ट्रायल विकणाऱ्याच्या बाजूनेच लागणार, मग तो पायाखाली काहीही ठेवो.

पहिल्याच उन्हातल्या राइडला आधीपेक्षा लवकर आणि जास्त दुखलं. फोन केला तर "पायाला सवय व्हायला वेळ लागतो". परत केला तर "तुमचे शूजच चुकीचे आहेत, आमच्याकडचे घ्या". त्यानंतर क्लीटखाली (बुटाच्या तळाला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) घालायच्या पाचरी, मग पाय थंड ठेवणारा स्प्रे. त्या स्प्रेमध्ये मेंथॉल असतं, त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या संवेदना ते जाग्या करतं म्हणून गार वाटतं, पण बुटाच्या आतली गरमी आणि सूज तशीच राहते. प्रत्येक तक्रारीवर त्यांच्याकडे अजून एक वस्तू तयारच होती.

उघडकीला कसं आलं ते ऐका. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईनेही तिथूनच 'कस्टम' इनसोल घेतले होते. तिची कमान चांगली उंच, माझी म्हणे बसलेली. आम्ही दोघींचे इनसोल काढून एकावर एक ठेवले तर कड न् कड जुळली, कमानीचा उंचवटा पण तेवढाच, जेलची गादी त्याच जागी. माझा डावा आणि उजवा पण एकमेकांची आरशातली प्रतिमा, डाव्यासाठी वेगळं असं काहीच केलेलं नव्हतं. मग माझं नाव छापलेला स्टिकर मी नखाने कोपऱ्यातून उचलला, खाली प्लॅस्टिकमध्ये साच्यातूनच उमटलेला साइजचा आकडा होता, ४०-४२. स्कॅनवरून एका माणसासाठी बनवलेल्या वस्तूवर साइजची रेंज कशाला असेल? तयार इनसोल आणून त्यावर नावं चिकटवत होते.

तयार इनसोल वाईट असतात असं मी म्हणत नाही, कित्येकांना त्यांनी फरक पडतो. राग आहे तो तयार मालाचे कस्टमचे पैसे लावले याचा, आणि निदानच खोटं होतं याचा.

नंतर मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चवडा दोन्ही बाजूंनी हाताने दाबून बघितला, बोटांच्या मधली एकेक जागा दाबली, शूज मागितले, शूजची रुंदी पायाशी लावून पाहिली. मग समजावलं की चवड्यात पाच लांब हाडं असतात, त्यांच्या मधून बोटांकडे नसा जातात, आणि गरमीत पायात रक्त आणि पाणी उतरून पाय फुगतो. शूज काही फुगत नाही, मग ती हाडं एकमेकांजवळ दाबली जातात आणि मधली नस चेपते. तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये हे जास्त होतं. हेच वर्षानुवर्षं चाललं तर नसेभोवती जाडी येते, त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. म्हणजे मला हवी होती जागा, आणि त्या लोकांनी जाड गादी घालून होती ती जागा पण भरून टाकली! जेल मऊ होतं, पण बुटातली जागा तर त्याने कमीच केली ना.

आता मी काय करते ते सांगते, यातलं बरंचसं फुकट आहे. क्लीट काही मिलिमीटर टाचेकडे सरकवले, म्हणजे भार थेट चवड्याच्या हाडांवर येत नाही (क्लीट मागे घेतले की सीट पण किंचित खाली घ्यावी लागते, हे बरेच जण विसरतात). पुढचा पट्टा सैल ठेवते, निघतानाच, दुखायला लागल्यावर नाही. मोजे पातळ. उतारावर टाच खाली करून बोटं हलवते, चढावर हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवते. नवीन शूज घेताना संध्याकाळी गेले, पाय थोडे सुजलेले असताना, आणि पुढून रुंद असलेली जोडी घेतली. डॉक्टरांनी एक छोटी उशी दिली ती चवड्याच्या मागे लागते, हाडांच्या टोकांखाली नाही, तिने हाडं जरा फाकतात. आग पूर्ण गेली नाही, कडक उन्हात शेवटी शेवटी येतेच, पण आता राइड थांबवावी लागत नाही.

चालतानाही बोटं बधिर राहत असतील किंवा डायबेटिस असेल तर मात्र घरी प्रयोग करत बसू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.

पैशांचं सांगायचं तर माझ्या बिलावर फक्त "इनसोल – १ जोड" लिहिलंय, कस्टम हा शब्दच नाही, स्कॅनचा उल्लेख नाही. मागायला गेले तर वापरलेली वस्तू स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाही म्हणाले. ताईकडे मात्र त्यांचा व्हॉट्सॲप मेसेज होता, "तुमच्या पायाच्या मापाचे इनसोल तयार झाले आहेत" असा. तिने त्याचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही जोड्या एकावर एक ठेवलेला फोटो पाठवला, ग्राहक मंचात जाईन म्हणाली, आणि आठवड्याच्या आत तिचे पैसे परत आले. मी पण तोच फोटो आणि स्टिकरखालच्या आकड्याचा फोटो जोडून लेखी तक्रार पाठवलीय. स्कॅनची फाइल पण मागितलीय, ती अजून कुणी दिलेली नाही.