गडद तपकिरी मॅट इमल्शन: दिसायला झकास, पण नखरे फार

सागवानी दारं नि पितळी समईमागे हा बिनचमकेचा भिंतीचा रंग खुलतो, यात वाद नाही. पण तो डीप बेसमध्ये, म्हणजे गडद छटांसाठीच्या मूळ रंगात बनतो. पांढरं पिगमेंट त्यात जवळपास नसतंच, म्हणून दोन हातांत भिंत झाकत नाही. खाली राखाडी प्रायमर, वर तीन हात. 100 चौरस फुटांना 2 लिटर धरा. सगळे डबे एकदमच टिंट करून, म्हणजे छटा मिसळून घ्या, नंतरच्या डब्याची छटा जुळेलच असं नाही.

चिऱ्याच्या भिंतीत पावसाळी ओल चढली की खार फुलतो आणि तपकिरीवर सांडलेल्या पिठासारखा दिसतो. त्यामुळे भिंत पुरती सुकल्यावर, जानेवारीनंतरच काम काढा. मॅटवर खुर्ची घासली तरी चकचकीत पट्टा उमटतो. पडवीत किंचित चमकदार सॅटिन बरं. माजघरात मात्र हा गडद रंग नकोच, तिथे आधीच भरदुपारी दिवा लावावा लागतो!