पियानोच्या स्केल्स शिकायला काय घ्यावं: ॲप, पुस्तक, व्हिडिओ की शिक्षक?

स्केल म्हणजे क्रमाने चढणारे-उतरणारे सूर. सी मेजर या स्केलच्या आठही पट्ट्या पांढऱ्या, त्यामुळे सूर लगेच सापडतात. अडतं ते बोटांवर. अंगठा १ आणि करंगळी ५ धरली, तर उजवा हात १-२-३-१-२-३-४-५ असा चढतो आणि डावा ५-४-३-२-१-३-२-१ असा. साधन निवडताना बघायचं ते हे: बोटांचे आकडे दिलेत का, आणि चुकलं तर ते कोणाच्या लक्षात येईल?

ॲप इथेच कमी पडतं. कोणती पट्टी कधी दाबली, हे त्याला माइकमधून किंवा मिडी केबलमधून (डिजिटल पियानो फोनला जोडणारी वायर) कळतं. कोणत्या बोटानं दाबली, हे कळत नाही. सी मेजरमध्ये त्यानं फारसं बिघडत नाही. पण एफ मेजरला उजव्या हाताने तोच क्रम लावला, की अंगठा नेमका बी फ्लॅटच्या काळ्या पट्टीवर येतो आणि हात अडखळतो. तिथं १-२-३-४-१-२-३-४ हवं. ॲप लयीसाठी ठेवा, बोटांसाठी नको.

हॅनॉन या फ्रेंच संगीतकाराचं १८७३ चं पियानो-व्यायामांचं पुस्तक कॉपीराइटमुक्त असल्याने आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातल्या ३९ व्या व्यायामात बाराही मेजर आणि मायनर स्केल्स बोटांच्या आकड्यांसह आहेत. आधीचे ३८ सोडून थेट तिथं गेलात तरी चालेल. मात्र दोन्ही हात एकदम लिहिलेले आहेत, म्हणून सुरुवातीला एक ओळ कागदाने झाका. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या संगीत परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या पुस्तकांना पैसे पडतात, पण ग्रेडनुसार मोजक्याच स्केल्स समोर येतात. एकट्याने शिकणाऱ्याला हॅनॉनपेक्षा हेच बरं.

नोटेशन (छापील स्वरलिपी) वाचता येत नसेल तर व्हिडिओ. वरून घेतलेला निवडा, वेग निम्मा करा. अंगठा बोटांखालून सरकताना मनगट कसं राहतं, हे मात्र वरून नीट दिसत नाही. ते शिक्षकच पकडतात. दर आठवड्याची फी जड जात असेल, तर महिन्यातून एक तास फक्त बोटं आणि मनगट तपासून घ्यायला जा.

पेटी वाजवणाऱ्यांना पांढरी एकचा बिलावल म्हणजेच सी मेजर, त्यामुळे कान तयार असतो. भात्यावर राहिलेला डावा हात मात्र कोरा. त्याच्यासाठी छापील आकडे हवेतच.

साधन कोणतंही असो, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक सूर, एकच सप्तक. दोन्ही हात जोडताना मधल्या सी पासून विरुद्ध दिशांना जा: दोन्हीकडे एकाच वेळी तेच बोट येतं.