आयसाइटवर दोन संध्याकाळ

बढतीच्या अर्जात ‘एकूण सायटेशन’, म्हणजे आपले पेपर इतरांनी किती वेळा उद्धृत केले, असा एक रकाना असतो. तो भरताना मला दरवेळी शेजारणीच्या वहीत बघून लिहिल्यासारखं वाटतं. आकडा माझ्याच नावावरचा, पण सगळी कमाई माझी नाही. म्हणून यंदा अर्ज बाजूला सारला आणि दोन संध्याकाळी आयसाइटवर बसले. पेपरांची सायटेशन मोजणारी ही वेबसाइट अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची. पैसे पडत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही.

इथे लेखकाच्या नावाने शोधता येतं, पण त्या नावाची सगळीच मंडळी सोबत येतात. त्यापेक्षा पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीवरून आपल्या पेपरांचे पीएमआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, वेचायचे आणि चौकटीत चिकटवायचे. कंटाळवाणं काम, तरी मला पटलं. आपोआप प्रोफाइल बनवणाऱ्या एका सेवेने मागे माझ्या नावावर माशांच्या परजीवींवरचे सहा पेपर चढवले होते. आडनाव आणि आद्याक्षरं जुळली, बस्स! त्यांच्यामुळे माझा एच-इंडेक्स दोनने वाढला होता. ते पेपर काढताना हात जरा जड झाला, खोटं कशाला बोलू.

एच-इंडेक्स ही कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. प्रत्येकी निदान दहा वेळा उद्धृत झालेले दहा पेपर असले की एच दहा. सोपं आहे, म्हणूनच समित्यांना आवडतं. पण हा आकडा कधी खाली येत नाही, माणूस निवृत्त झाला तरी चढतच राहतो. शिवाय रेणूंवर काम करणाऱ्याचा एच आणि लसीकरणाच्या नोंदी तपासणाऱ्याचा एच शेजारी ठेवून काय कळणार?

आयसाइटचा मुख्य आकडा आहे आरसीआर, म्हणजे रिलेटिव्ह सायटेशन रेशो. त्याची पद्धत २०१६ मध्ये प्लॉस बायॉलॉजी या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. तुमच्या पेपरसोबत इतरांच्या संदर्भयादीत जे पेपर येतात, तेच तुमचं क्षेत्र असं ती धरते. त्या क्षेत्राच्या वेगाशी तुमच्या सायटेशनचा वेग ताडून बघते. १ म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या सर्वसाधारण पेपरइतका. जर्नल कुठलं, याला इथे किंमत नाही. अगदी नव्या पेपरचा आकडा तात्पुरता असल्याची खूण असते, ती बघायला विसरू नका.

माझे ४३ पेपर टाकले. आरसीआरची सरासरी बघून खुर्चीत सावरून बसले: २ च्या वर! मग मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात मधोमध येणारा आकडा पाहिला, ०.७. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात शंभरावर लेखकांच्या रांगेत कुठेतरी मधे माझं नाव आहे. माझं काम काय, तर आमच्याकडची आकडेवारी तपासून पाठवणं. तो एक पीएमआयडी काढून यादी पुन्हा चालवली आणि सरासरीही १ च्या खाली आली. लेखक शंभर असोत की दोन, आयसाइट प्रत्येकाला पूर्ण पेपरचं श्रेय देते. ही त्यातली मोठी उणीव. सरासरी आणि मध्यक दोन्ही समोर असल्यामुळे निदान चोरी पकडता येते.

संशोधन रुग्णांपर्यंत कितपत पोचतं ते दाखवणाऱ्या ‘ट्रान्सलेशन’ भागातला मानव, प्राणी आणि रेणू-पेशी असा त्रिकोण आमच्या काही कामाचा नाही. प्रतिबंधात्मक वैद्यकशास्त्रवाल्यांचे ठिपके मानवाच्या कोपऱ्यातच गर्दी करणार. खरी चीज त्याच भागात आहे: तुमचा पेपर किती क्लिनिकल ट्रायल (माणसांवरच्या चाचण्या) आणि गाइडलाइननी (डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना) उद्धृत केला, त्याची मोजणी. घरी रक्तदाब कसा मोजायचा यावर माझा एक छोटा पेपर आहे. एकूण सायटेशन नऊ. त्या नवातली एक गाइडलाइन निघाली! अर्जातल्या रकान्यात तो पेपर कोणाला दिसलाच नसता.

मात्र ही सगळी मोजदाद पबमेडच्या चौकटीतली. आरोग्य खात्याचं परिपत्रक, प्रशिक्षण-पुस्तिका, धोरणाचा मसुदा यांची गणती नाही. आमचं निम्मं काम तर तिथेच जाऊन मुरतं. आयोडीनयुक्त मिठाच्या तपासणीवरचा माझा अहवाल कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात वापरला जातो. तो पबमेडवर नाही, तेव्हा इथे त्याला जागाच नाही.

सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे, हेही ही साइट सांगत नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफील्डचा १९९८ चा लॅन्सेट या जर्नलमधला पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याची उद्धरणं ढीगभर आहेत आणि बहुतेक त्याला खोडून काढणारी.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा शंभर लेखकांच्या त्या पेपरसाठी कापला. अर्जातला रकाना जुन्याच आकड्याने भरलाय, कारण तिथे तोच मागतात. सोबत एक पान जास्तीचं जोडलं: मध्यक, गाइडलाइनचं नाव, मोठ्या अभ्यासात मी नेमकं काय केलं ते दोन ओळींत आणि मिठाचा अहवाल. कारकुनाने विचारलं, “मॅडम, हे कुठल्या रकान्यात लावू?”